मुक्या घंटेचं कथील

एका खोऱ्यात, नदी डोंगराला वळसा घालून जिथे रुंद होते तिथे, ओताऱ्यांचं एक गाव होतं. एके काळी त्या गावात ओतलेल्या घंटा दूरदूरच्या देवळांत, वेशींवर आणि बैलांच्या गळ्यांत वाजत. नुसता आवाज ऐकून लोक म्हणायचे, ही त्या गावची घंटा.

पण ते फार पूर्वीचं झालं. आपली गोष्ट सुरू होते तेव्हा त्या गावच्या भट्ट्या विझल्या होत्या आणि धुराड्यांवर पिंपळ उगवले होते. गावातल्या तरण्या मुलामुलींना दोनच कामं उरली होती. एक, पहारा करायचा. दुसरं, गाव सोडायचं.

पहारा कशाचा, तर विझलेल्या भट्टीचा.

गावात दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. दोघींची एकेक मोठी भट्टी होती आणि त्या भट्ट्या चौकात समोरासमोर उभ्या होत्या. मधोमध एक प्रचंड घंटा आडवी पडलेली होती. आत माणूस उभा राहील एवढी मोठी, आणि पूर्ण मुकी. ती घंटा एका राजाने करायला सांगितली होती. एवढी घंटा एका आळीच्या आवाक्यातली नव्हती, म्हणून दोन्ही आळ्यांनी मिळून ओतली. निम्मं तांबं वरच्या आळीचं, निम्मं खालचीचं. कथीलही तसंच निम्मं निम्मं. कारण नुसत्या तांब्याची घंटा बोलत नाही, तिच्यात कथील पुरेसं पडलं तरच तिला कंठ फुटतो.

घंटा ओतली, घासली, टांगली. राजाची माणसं बघायला आली. सगळ्यांसमोर तिच्यावर टोला पडला, आणि ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज आला. राजाची माणसं आल्या पावली निघून गेली. घंटा उतरवून चौकातच आडवी टाकली गेली, आणि त्या दिवसापासून गावाकडे कुणी घंटा मागायला आलं नाही.

वरची आळी म्हणाली, खालच्यांनी कथील चोरलं. खालची आळी म्हणाली, वरच्यांनी चोरलं. दोन्ही भट्ट्यांना कुलपं लागली. समोरचे चोर आहेत हे ठरलंच होतं, तेव्हा ते आपली भट्टीही फोडतील, म्हणून दोन्हीकडे पहारे बसले. पहाऱ्याचा मुख्य नियम एक होता. भट्टीकडे पाठ करून बसायचं आणि समोरच्या आळीवरची नजर काढायची नाही. त्या बदल्यात पहारेकऱ्याला आळीतून दोन वेळची भाकरी मिळे.

वरच्या आळीची सगळ्यात चोख पहारेकरीण होती भिवरा. आळीचे मुखिया अप्पा, त्यांची ही थोरली मुलगी. तिच्याइतकं संशयी माणूस त्या संशयी गावातही दुसरं नव्हतं. कुणी पेरू दिला तर खाण्याआधी ती विचारायची, का दिलास. समोर कुणी जांभई दिली तर ही बघायची, कुणाला खूण केली. अप्पांना तिचा फार अभिमान होता.

तिच्या समोर खालच्या आळीचा सटवा बसायचा. खालच्या आळीचे मुखिया तात्या, त्यांचा हा नातू. भिवरा आणि सटवा लहानपणापासून असे तोंडासमोर तोंड करून बसत आले होते. एकमेकांशी बोलायचं नाही असाही नियम होता, पण सबंध दिवस कोण गप्प बसणार.

"काय गं, डोळे लाल दिसतात," सटवा तिकडून म्हणायचा. "स्वप्नात आमची भट्टी आली होती वाटतं."

"स्वप्नात येण्यासारखं काय आहे तुमच्या भट्टीत?"

"ते तुला कशाला सांगू?"

"तुला ठाऊक असतं तर सांगितलं असतंस."

यावर सटवा विषय बदलायचा. कारण त्याला खरंच ठाऊक नव्हतं. तिलाही तिच्या भट्टीतलं ठाऊक नव्हतं. भट्टी पेटलेली दोघांनीही कधी पाहिली नव्हती.

दरवर्षी पाऊस सरल्यावर, नदीला नाव चालण्याइतकं पाणी असताना, खालच्या बंदरातून एक मोठी नाव यायची. नावेची मालकीण पन्नाशीची, धिप्पाड, विडा खाणारी बाई होती. तिला सगळे नाववाली अक्का म्हणत. ती गावातली तरणी मुलं घेऊन जायची आणि बंदरावर गोणी वाहायला लावायची. जाताना प्रत्येक जण म्हणायचा, दोन वर्षांत परत येतो. नाव मात्र प्रत्येक वेळी रिकामीच यायची.

यंदा भिवराची पाळी होती. सटवाचीही होती. पहाऱ्याला त्यांची धाकटी भावंडं बसणार होती.

भिवराला जायचं नव्हतं. तिला ओतारी व्हायचं होतं. लहानपणी ती नदीच्या गाळाचे साचे करायची, त्यात मेण ओतायची आणि गार झालं की कानाशी धरून वाजवायची. मेण काही वाजत नसे, पण ती ऐकायची. आता त्या गोष्टी मनातल्या मनात ठेवून ती गाठोडं बांधत होती.

यंदा अक्काने एक विचित्र गोष्ट केली. नावेतून उतरल्यावर ती मुलांची भरती करायला गेली नाही. सरळ चौकात आली, आडव्या घंटेवर बसली, फडक्यातली भाकरी सोडली आणि खाता खाता घंटेवर बोटाच्या पेराने टिचक्या मारत राहिली. मग उठून घंटेभोवती फिरली. नखाने खरवडून बघितलं. भिवरा सावरून बसली. हिला काहीतरी हवंय.

अक्का तिच्यासमोर येऊन उकिडवी बसली. "पोरी, तू कुणापासून राखतेस ही भट्टी?"

"खालच्या आळीपासून."

"आणि तो समोरचा?"

"तो आमच्यापासून राखतो म्हणे. सोंग आहे."

"आत काय आहे?"

"भट्टी."

"पाहिलीस?"

आत काय आहे असं विचारणाऱ्याला आतलंच काहीतरी हवं असतं, एवढं भिवराला कळत होतं. तिने उलट विचारलं, "तुम्हाला काय करायचंय?"

"मला घंटा हव्यात," अक्का म्हणाली. "असल्या हत्तीएवढ्या नाहीत. नारळाएवढ्या. खाडीच्या तोंडाशी थंडीत असं धुकं पडतं की आपला हात आपल्याला दिसत नाही. नावा नावांवर आदळतात. माझी एक गेली गेल्या वर्षी, दोन माणसांसकट. आता बंदरावर ठरलंय, प्रत्येक नावेला घंटा. घंटा आणायच्या कुठून, ते कुणाला माहीत नाही. आणि मी ज्या गावात हमाल न्यायला येते त्या गावाच्या चौकात ही पडलीय."

"आमचं भलं करायला आलात म्हणा."

अक्का हसली. विड्याने रंगलेले दात दिसले. "मी काय तुझी मावशी आहे? गोणी उचलायला माणूस मला कुठेही मिळतो. घंटा मिळत नाही. ज्यात माझा फायदा, ते मी विचारतेय."

भिवराला ती बाई त्याच क्षणी थोडी कमी वाईट वाटली. आणि कमी वाईट वाटली म्हणून तिचा जास्त संशय आला.

दोन्ही आळ्या एका जागी बसत नसत, म्हणून अक्काने आधी वरच्या आळीला विचारलं, मग खालचीला. तिचं म्हणणं सोपं होतं. तांबं चौकात पडलेलं आहे, त्या घंटेत. ती फोडा, वितळवा. फक्त तिच्यात कथील कमी आहे, तेवढं घाला. मुलांना इथेच काम मिळेल. नदीचं पाणी उतरायला लागलंय, परवा मला निघायलाच हवं. घंटा करणार असाल तर मुलं ठेवून जाते. नसाल तर मुलं घेऊन जाते.

"कथील नाही," अप्पा म्हणाले.

"कथील कुठलं," खालच्या आळीत तात्या म्हणाले.

"आणि बाई," अप्पा पुढे म्हणाले, "हा खालच्या आळीचा डाव आहे. तुम्हाला पुढे करून भट्ट्या उघडायला लावायच्या. आम्ही काल जन्मलो नाही."

खालच्या आळीतही अगदी हेच शब्द उच्चारले गेले, फक्त आळीचं नाव बदलून.

वरच्या आळीची बैठक उठली. सगळ्यांनी माना हलवल्या, अप्पांचं कौतुक केलं. पण भिवरा जागची उठली नाही. वर्षानुवर्षं तिला एकच काम शिकवलं होतं. समोरच्याचा चेहरा बघायचा आणि काय लपवलंय ते ओळखायचं. आज पहिल्यांदाच तिने तसं अप्पांकडे पाहिलं होतं. कथील नाही, हे अप्पा फार लवकर म्हणाले होते. अक्काचा प्रश्न पुरता संपलाही नव्हता.

घरी येऊन अप्पांनी विचारलं, "ती बाई तुझ्याशी काय बोलत होती?"

"घंटांचं."

"आत काय आहे, असं विचारलं का?"

"विचारलं."

"तू काय सांगितलंस?"

"भट्टी."

"बरं केलंस," अप्पा म्हणाले, आणि नकळत त्यांचा हात कमरेला लटकलेल्या भट्टीच्या किल्लीवर गेला.

संशय एकदा अंगी लावून घेतला की तो व्यसनासारखा लागतो. तो समोरच्या आळीवर थांबत नाही. भिवराला आता एकामागून एक गोष्टी सुचू लागल्या. राखायचंच असेल तर पहारेकरी भट्टीकडे पाठ करून का बसतो? चोर मागून भिंत फोडून आला तर त्याला दिसणार कसं? हा नियम चोर दिसावा म्हणून केलेला नाही. मग तो कुणी काय बघू नये म्हणून केलाय?

दुपारी आळी डुलक्या घेत होती. भट्टीच्या मागच्या बाजूला, राख उपसायचं दार मातीच्या विटा लावून बुजवलेलं होतं. भिवराने चार विटा काढल्या आणि अंग चोरून आत शिरली.

आत गार आणि काळोखं होतं. डोळे सरावल्यावर तिला भाता दिसला, कातडं थोडं फाटलेलं, बाकी धड. धातू वितळवायच्या मुशी रांगेने पालथ्या ठेवलेल्या. साच्यांची माती, कुणीतरी काल कालवून ठेवल्यासारखी रचलेली. हे सगळं तिच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर होतं, आणि ती वर्षानुवर्षं चौकातली कुत्री मोजत बसली होती.

मग तिचा पाय राखेत कशाला तरी लागला. गोणपाटाचं गाठोडं, काथ्याने बांधलेलं. आत पांढुरक्या धातूच्या कांबी होत्या. तिने एक उचलली आणि दोन्ही हातांनी वाकवली. कांब आतून कुरकुरली, कुणी दाताखाली कच्चा तांदूळ चावावा तशी.

ओताऱ्यांच्या गावात हे मूलसुद्धा जाणतं. वाकवल्यावर कुरकुरतं ते कथील.

अप्पा अंगणात सुंभ वळत होते. भिवरा राखेने माखलेली त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अप्पा, भट्टीत कथील आहे."

अप्पांचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. "हळू बोल."

"मोठ्या घंटेत घालायचं होतं ते."

"चोरलेलं नाही. आपल्याच आळीचं आहे."

"पण घंटेसाठी दिलेलं."

"खालची आळी आपलं कथील घालणार नव्हती. मला आधीच ठाऊक होतं."

"कसं ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं. आणि झालंच ना तसं? घंटा मुकी निघाली. म्हणजे त्यांनी घातलं नाही. माझं बरोबरच निघालं."

"तुम्ही सगळं घातलं असतं, तर ते लबाड आहेत हे जगाला दिसलं असतं."

"आणि आपलं कथीलही बुडालं असतं. मग काय राहिलं असतं आपल्याकडे?"

"आता काय राहिलंय?"

"कथील राहिलंय," अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरच माया होती. "कुणासाठी राखलंय मी? तुझ्यासाठीच ना? तुझ्या भावंडांसाठी."

"मग द्या."

"वेळ आली की देईन."

"वेळ कधी येईल?"

"खालची आळी चोरी कबूल करेल तेव्हा."

"मी परवा नावेत बसणार आहे, अप्पा."

अप्पांनी सुंभाला पीळ दिला. "जाऊन ये. सगळेच जातात."

भिवरा तिथून निघाली ती नदीवर जाऊन बसली. एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी, कारण गोष्टींमध्ये माणसं फार लवकर चांगली होतात. भिवराचा खालच्या आळीवर तेव्हाही विश्वास नव्हता. ती विचार करत होती, मी आपलं कथील चौकात आणलं आणि त्यांच्या भट्टीत काहीच नसलं तर? मग चोर आम्ही एकटेच. अप्पांना गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि त्यांच्याकडे असलं, तरी ते काढतीलच कशावरून? आमचं उघडं पाडून हसत बसतील. सटवा तर नक्की हसेल.

हे सगळं तिने नीट, उलटसुलट करून पाहिलं. खात्री कुठल्याच बाजूने होईना. मग तिच्या लक्षात आलं, की अप्पाही बरोबर असेच बसले असतील, असंच उलटसुलट करत, घंटा ओतायच्या आदल्या दिवशी. त्यांनाही खात्री झाली नव्हती. आणि खात्री झाली नाही म्हणून त्यांनी हात आखडला. ती अजून बसून राहिली तर तिचंही तेच होणार होतं.

ती उठली.

निघायच्या दिवशी सगळं गाव चौकात जमलं होतं. मुलं गाठोडी घेऊन उभी होती. आया पदराने नाक पुसत होत्या. वरची आळी एका बाजूला, खालची दुसऱ्या. अक्काने अखेरचं विचारलं, "कथील नाही म्हणता?"

"नाही," अप्पा म्हणाले.

"नाही," तात्या म्हणाले.

"मग चला, बसा नावेत."

मुलं हलली. भिवरा मात्र उलट्या दिशेने, भट्टीच्या मागे गेली. परत आली तेव्हा तिच्या डोक्यावर गोणपाटाचं गाठोडं होतं. ते तिने मुक्या घंटेशेजारी टाकलं आणि काथ्या सोडला. कांबी दगडांवर घरंगळल्या. एक कांब उचलून तिने सगळ्यांसमोर वाकवली. चौकात इतकी शांतता होती की ती कुरकुर शेवटच्या माणसाला ऐकू गेली.

"हे आमच्या आळीचं," भिवरा म्हणाली. "मोठ्या घंटेत पडायचं होतं. पडलं नाही."

अप्पा जागच्या जागी खाली बसले.

आणि मग खालची आळी उसळली. बघा, बघा, आम्ही म्हणत नव्हतो. चोर शेवटी उघडे पडले. इतकी वर्षं आमच्या नावाने बोंब मारली आणि राखेत पुरून ठेवलं. कुणी अप्पांच्या नावाने थुंकलं. वरच्या आळीतले लोक भिवराकडे असे बघत होते, जणू तिनेच गाव लुटलं. तिला जे जे होईल वाटलं होतं ते ते सगळं होत होतं.

पण तिची नजर शिकलेली होती, आणि त्या नजरेला गर्दीतलं काहीतरी खटकलं. ओरडत होते ते सगळे तरणे होते. खालच्या आळीचे म्हातारे कुणीच ओरडत नव्हते. तात्या तर आपल्या काठीच्या टोकाकडे टक लावून बघत होते.

"सटवा," भिवरा म्हणाली.

सटवा त्याच्या नेहमीच्या दगडावर बसलेला होता, सवयीने, गाठोडं मांडीवर घेऊन. तो हसत नव्हता.

"आमचं मी आणलं. तुमच्याकडे असेल नसेल, मला माहीत नाही. खरं सांगायचं तर मला तुझा भरवसाही नाही. पण आयुष्यभर माझ्याच तोंडाकडे बघत बसलास. एकदा मागे वळून बघ की."

"नियम नाही," सटवा म्हणाला.

"बोलायचाही नियम नव्हता. बोलतच होतास ना."

सटवाने तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी मान वर केली नाही. ते नको म्हणाले असते तर कदाचित तो बसून राहिला असता, पण त्यांनी तेही म्हटलं नाही. सटवाने गाठोडं खाली ठेवलं, उठला, भट्टीच्या मागे गेला. विटा पडल्याचा आवाज आला. बराच वेळ गेला.

तो बाहेर आला तेव्हा पार राखाडी झाला होता. खांद्यावर गाठोडं होतं. तसंच गोणपाट, तसाच काथ्या. गाठसुद्धा तशीच मारलेली, दुहेरी, ओतारी मारतात तशी. ते त्याने भिवराच्या गाठोड्याशेजारी टाकलं.

आता कुणीच ओरडत नव्हतं. दोन्ही आळ्यांतली तरणी मुलं ती दोन गाठोडी बघत होती, आणि मग त्यांनी हळूहळू आपापल्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं.

अक्काने सगळ्यांआधी तोंड उघडलं. "म्हणजे घंटेचं कथील पहिल्या दिवसापासून इथंच होतं. आणि तुम्ही मला पोरं विकत होतात."

"विकत नव्हतो," तात्या कसेबसे म्हणाले. "कामाला पाठवत होतो."

"हो का," अक्का म्हणाली. पण पुढे काही बोलली नाही, कारण नेणारी तीच होती.

मुलांनी गाठोडी खाली ठेवली. सगळ्यांनी नाही. काहींना गावाचा इतका वीट आला होता की ती नावेत जाऊन बसली, आणि त्यांना दोष द्यायचं कारण नाही. बाकीची राहिली.

अक्का निघाली तेव्हा भिवरा तिच्या आडवी आली. "अक्का, थांबा. आम्ही घंटा करू. त्यांचं मोल कोण ठरवणार?"

"दोघं मिळून."

"साचे कुणाकडे राहतील?"

"तुमच्याकडे. मला काय करायचेत?"

"उद्या दुसरीकडे स्वस्त मिळाल्या तर?"

"तर तिकडून घेईन," अक्का म्हणाली. "म्हणून अशा करा, की धुक्यात दुसरी कुठली ऐकूच येऊ नये."

भिवराने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, अगदी पहाऱ्याला बसल्यासारखं. मग मान डोलावली.

काम सोपं नव्हतं. मोठी घंटा फोडताना हातोड्यांचे दांडे मोडले. कथील घालायच्या वेळी दोन्ही आळ्यांनी एकमेकांची प्रत्येक कांब वाकवून, कानाशी धरून, कुरकुर ऐकूनच मुशीत टाकू दिली. सटवाने तर भिवराची एक कांब दोनदा वाकवली.

"काय शोधतोयस?"

"तू काय शोधत होतीस माझ्या कांबीत?"

पहिला साचा भरला आणि फुटला. दुसरी घंटा निघाली ती देवीच्या रोगातून उठल्यासारखी, अंगभर खड्ड्यांची. मुलांना कळेना काय चुकतंय. त्यांना हे कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवणारे सगळे घरात पाठ करून बसले होते. अप्पा तर त्या दिवसापासून भिवराशी बोलत नव्हते.

तिसऱ्या साच्याच्या वेळी अप्पा चौकातून चालले होते, भट्टीकडे न बघता. दाराशी त्यांचा पाय अडला. ते आत आले, साच्यावर तळहात ठेवला, मग गाल टेकवला.

"ओला आहे," अप्पा म्हणाले. "आतून ओला आहे. वाफ कुठून जाईल? असाच भरलात तर हाही फुटेल."

"किती वाळवायचा?" भिवराने विचारलं.

"गालाला गार लागायचा थांबेपर्यंत." मग थोडं थांबून, समोरच्या भट्टीकडे हनुवटीने दाखवत म्हणाले, "वाफेची भोकं मात्र त्या तात्याला विचारा. तो माझ्यापेक्षा बरी पाडायचा. कबूल करणार नाही, पण पाडायचा."

पुढच्या वर्षी पाऊस सरला. एका सकाळी नदीवर धुकं होतं. नाव दिसण्याआधीच वळणापलीकडून तिची घंटा ऐकू आली. चौकातली सगळी मुलं थांबली. ज्या दगडांवर पहारेकरी बसायचे, त्यांवर आता साचे वाळत होते.

"आपलीच का गं?" सटवाने विचारलं.

भिवराने कान दिला. एकदम हो म्हणायचा तिचा स्वभाव नव्हता. तिने आणखी एक टोला ऐकला, मग आणखी एक.

"आपलीच."

नाव यंदा रिकामी आली नव्हती, तिच्यातून माणसं उतरली. गेलेल्यांपैकी काही जण परत आले होते, आणि त्यांच्याबरोबर नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या एका बंद पडलेल्या गिरणीच्या गावातली दोन अनोळखी पोरं होती. काम मिळेल का, असं ती दारात उभी राहून विचारत होती.

भिवराने त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. कुठले, कुणाचे, इथलं कुणी सांगितलं, एवढ्या लांब का आलात, हातावर हा डाग कसला, असं सगळं खोदून विचारलं. उत्तरं ऐकली. निम्म्या उत्तरांवर तिचा विश्वास बसला नाही.

मग तिने भात्याचा दांडा त्यांच्या हातात दिला.

तात्पर्य: समोरचा हात आखडेल या भीतीने आपण आधी हात आखडला, तर दोघांचाही संशय खरा ठरतो आणि किंमत दोघांची मुलं मोजतात. मुलांसाठी राखून ठेवलेलं मुलांच्या हाती द्यावं. समोरच्याची खात्री पटेपर्यंत थांबू नये, कारण कुणीतरी आधी उघडल्याशिवाय ती कुणालाच पटत नसते.